बारा मिनिटांचं मध्यंतर

सकाळपासून धुकं असं दाटलं होतं की समोरच्या घराची खिडकी तिथला दिवा लागला तेव्हा कळली. अशा दिवसात कपडे वाळत नाहीत. दोरीवर घातलेली चादर घातली त्याहून जड होऊन आत येते, आणि मग सगळा भार इस्त्रीवर पडतो. मावशीनं उजाडताच पहिलं गाठोडं सोडलं. दवाखान्यातले पांढरे कोट, अकरा. शाळेच्या शिपायाचे दोन सदरे. मग बँकवाल्या साहेबांच्या पँटी, काळ्या आणि गडद निळ्या, त्या खिडकीपाशी नेऊन वेगळ्या कराव्या लागत. पाण्याचा हबका, चर्र, वाफ. कॉलर आधी, मग खांदे, मग बाह्या, पाठ शेवटी. हात आपले आपण चालत होते. लक्ष मात्र घड्याळाकडे होतं, कारण आज डबा जायचा होता.

डबा म्हणजे टीव्हीखालचा जुना संगणक.

गल्लीत तिला सगळे मावशीच म्हणत. चाळीस वर्षं इस्त्री ओढून तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली उतरला होता. नवरा सिनेमागृहात यंत्र चालवायचा, म्हणून तो ऑपरेटर. चारचौघांत तीही त्याला तेच म्हणायची. घरात ‘अहो’, आणि चिडली की ‘अहो ऑपरेटर’. एकतीस वर्षं त्यानं त्या वरच्या कोंदट खोलीतून डोळ्यात तेल घालून चित्र फेकलं. पडद्यावर नायकाच्या नाकाची कड जरा पुसट झाली तरी हा जेवणाचा डबा तसाच टाकून उठायचा आणि भिंग फिरवायचा. म्हणायचा, “लोक पैसे टाकतात ते स्वच्छ बघायला. पुसट बघायला त्यांच्या घरी आरसा आहे.”

थिएटर बंद पडलं तेव्हा त्यानं तिथून दोन वस्तू आणल्या. एक, एकमेकींना जोडलेल्या दोन खुर्च्या, उठलं की बूड आपोआप वर मिटणाऱ्या. दुसरा हा संगणक. शेवटच्या वर्षांत रिळं गेली आणि सिनेमा या डब्यातच यादी करून लावायचे. मालकाला तो भंगारातही नको होता. ऑपरेटरनं हातगाडीवर घालून घरी आणला, टीव्हीच्या मागं जाड निळ्या डोक्याची वायर दोन स्क्रूंनी पिळून बसवली, आवाजाची बारीक वायर वेगळी ओढली, नेट घेतलं, आणि हात झटकून म्हणाला, “झालं. आपलं थिएटर. खेळ एकच. तीनचा.”

त्या दिवसापासून मावशीच्या घरात तीनचा खेळ सुरू झाला. पावणेतीनला इस्त्री बंद, कारण इस्त्री आणि डबा एकदम चालले की फ्यूज उडायचा. मग दोघं त्या जोडखुर्चीत. सिनेमा अर्ध्यावर आला की चित्र थांबायचं. मध्यंतर. ऑपरेटरचा हात की-बोर्डवर असायचा. तो मान मागं टाकून म्हणायचा, “हं, सांग. कुठवर आलो?”

“समोर तर बसलात. बघत काय होतात मग?”

“अगं, एकतीस वर्षं मी सिनेमा भिंतीतल्या भोकातून पाहिला. निम्मं लक्ष रिळाकडं, निम्मं भिंगाकडं. गोष्ट अशी धड कधी कळलीच नाही. तू सांगतेस तेव्हा कळते.”

मग ती सांगायची. नाही नाही म्हणत सांगायची, आणि सांगता सांगता रंगायची. कोण कुणाला काय म्हणालं, कोण खोटं बोलतोय हे तिला आधीच कसं कळलं. तो मध्येच विचारायचा, “आणि तिचा कोट कुठल्या रंगाचा?” किंवा, “त्या खोलीत काय काय होतं गं?” ती म्हणायची, “तुम्हाला घर घ्यायचंय का तिथं?” सांगणं संपलं की सिनेमा पुढं सुरू.

मागच्या थंडीत ऑपरेटर गेला. छातीत कळ आली, दवाखान्यात दोन दिवस, संपलं. महिनाभर मावशीनं टीव्हीवरचं कापड काढलं नाही. मग एक दिवस पावणेतीनला सवयीनं इस्त्री बंद केली आणि उभीच राहिली. हाताला काम नाही, समोर तीन वाजतायत. तिनं डबा लावला. की-बोर्डवरच्या तीन बटणांवर त्यानं चिकटपट्टीचे तुकडे लावून ठेवले होते, त्याच क्रमानं दाबायची. सिनेमा सुरू झाला.

आणि अर्ध्यावर थांबला.

की-बोर्डवर कुणाचा हात नव्हता. डब्यातला पंखा तेवढा घरघरत होता. पडद्यावर एक माणूस दार अर्धवट उघडून थिजला होता. बाजूच्या खुर्चीचं बूड, जे तिनं बसताना वर मिटलेलं पाहिलं होतं, ते खाली आलेलं होतं. त्या खुर्चीची स्प्रिंग ढिली आहे, बूड हळूहळू खाली येतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी तिला उठवेना. बराच वेळ ती तशीच बसली आणि मग, घसा साफ करून, हलक्या आवाजात म्हणाली, “तो भाड्यानं राहायला आलाय ना, तोच खरा भाऊ आहे बघा तिचा.” बोलत राहिली. बोलणं संपत आलं आणि सिनेमा आपला आपण पुढं सुरू झाला.

तेव्हापासून चौदा महिने, रोज. हे तिनं लेकीला सांगितलं नाही, शेजारणीला नाही, कुणालाच नाही. लोकांनी वेडी म्हटलं असतं, त्याचं तिला फारसं काही नव्हतं. कुणीतरी येऊन तो डबा दुरुस्त करील याची तिला धास्ती होती.

आणि आता दुसऱ्या गावातल्या लेकीनं नवा टीव्ही धाडला होता. डब्याशिवाय चालणारा. दोन वर्षांपूर्वीही ती हेच म्हणाली होती, तेव्हा ऑपरेटरनं फोनवर तिला असं झापलं की पोरगी तीन महिने बोलली नाही. “माझ्या थिएटरात मी ठरवणार,” म्हणाला होता. हट्टी म्हातारा म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं.

अकराच्या सुमारास भाची आली. मावशीच्या बहिणीची मुलगी, तिशीची, दवाखान्यातले संगणक सांभाळायची. नवा टीव्ही खोक्यासकट छातीशी धरून ती दारातून आडवी आत शिरली.

“मावशी, बाजूला हो, नाहीतर हा टीव्ही तुझ्यावर आणि मी टीव्हीवर.”

“हळू. ते पांढरे कोट तुमच्याच दवाखान्याचे आहेत. मळले तर धुवायला तुलाच लावीन.”

“हे बघ, मला पाचपर्यंतच सुट्टी आहे. टीव्ही लावते, डबा पुसते, दवाखान्याच्या भंगारात देते. ताईनं बजावलंय, आईचं काही ऐकू नकोस म्हणून.”

“पुसते म्हणजे?”

“आतलं सगळं काढून टाकायचं. काकांचं काय काय असेल ते.”

इस्त्री कोटावर जरा जास्तच थांबली. मावशीनं ती उचलली, पाहिलं, डाग पडला नव्हता. बटण बंद करून इस्त्री उभी ठेवली.

“तीनचा खेळ होऊ दे,” ती म्हणाली. “मग बघू. आणि त्याच्याआधी मला एक बघून दे. ते अर्ध्यात थांबतं.”

“जुनं झालंय, अडकत असेल.”

“अडकत नाही. थांबतं. रोज, बरोबर अर्ध्यात. आणि मग आपलं आपण चालू होतं.” तिनं पदरानं कपाळावरचा घाम टिपला. “कोण थांबवतं ते बघ.”

भाचीनं हसायला तोंड उघडलं आणि मावशीचा चेहरा बघून मिटलं. बॅग खाली ठेवली, ऑपरेटरच्या बाजूला न बसता मावशीच्या खुर्चीत बसली, आणि डबा लावला. तो जागा व्हायला चार मिनिटं घ्यायचा. तोवर तिनं एक कोट घडी घालून दिला, वाकडा. मावशीनं तो पुन्हा उघडला.

“अगंबाई,” भाची म्हणाली. “पडद्यावरचा हा बाण केवढा आहे. तुझ्या इस्त्रीएवढा. आणि पिवळा.”

“त्यांचे नखरे. थिएटरातल्या बॅटरीचा उजेड असाच असतो म्हणायचे.”

भाची काहीतरी उघडत, मिटत राहिली. पंखा घरघरत होता. धुकं खिडकीच्या काचेला नाक लावून उभं होतं. थोड्या वेळानं ती म्हणाली, “सापडलं. हे बघ मावशी, काकांनी इथं एक ओळ लिहून ठेवलीय. कुठलाही सिनेमा लावला की अर्ध्यावर थांबवायचा आणि बारा मिनिटांनी पुन्हा चालू करायचा. पावणेतीन वर्षांपूर्वीची तारीख आहे. काकांना हे कुणी शिकवलं?”

“थिएटरात शेवटी शेवटी असंच करायचे. यादीतच मध्यंतर घालायचं.” मावशीचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. “मग हात कशाला ठेवायचे त्या बटणांवर?”

“शान असेल ऑपरेटरची. पण बारा मिनिटं का? थिएटरात किती असायचं?”

“दहा.”

मावशी टेबलाच्या कडेला टेकली. म्हणजे तो नव्हता. चौदा महिने ज्याला ती सांगत आली ती त्यानं डब्यात लिहून ठेवलेली एक ओळ होती. बरं वाटायला हवं होतं. कुणी घरात येऊन आपलं माणूस दुसऱ्यांदा उचलून न्यावं, तसं वाटलं.

“ने मग,” ती म्हणाली. “आत्ताच ने.”

“थांब गं, एवढं बघितलंय तर नीट बघू दे.” भाचीनं एक सिनेमा लावला, गोदीतल्या कामगार बाईचा, कालच अर्धा राहिलेला. आणि कपाळाला आठ्या घातल्या. “मावशी, तुम्ही एवढं पुसट कसं काय बघत होता?”

“डबा म्हातारा झालाय. त्याला एवढंच झेपतं.”

“कोण म्हणालं?”

“ते म्हणायचे. मला आधी वाटलं माझेच डोळे गेले. चष्मेवाल्याकडं जाऊन नंबर बदलला. हेही आले होते बरोबर, खांद्यावर हात ठेवून. चष्मेवाला म्हणाला, काकांचेही तपासू का, तर हे म्हणतात, माझे डोळे ऑपरेटरचे आहेत, तुझ्या दुकानाला परवडायचे नाहीत.”

भाची हसली नाही. “हे चित्र सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवलंय. मुद्दाम. म्हातारा आहे डबा, पण इतका गेलेला नाही. तीन पायऱ्या वर सहज ओढेल. फार तर आवाज एखादा क्षण अडखळेल.” तिनं काहीतरी दाबलं.

चित्र फाटलं, थांबलं, आणि मग स्वच्छ झालं. गोदीवरच्या बाईच्या कपाळावरचा एकेक केस दिसू लागला. तिच्या कोटाचं एक बटण तुटलेलं होतं. मागं भिंतीला टांगलेले दोर, त्यांचे पीळ. मावशी बघत राहिली. हा कोट तिनं काल राखाडी म्हणून सांगितला होता. तो हिरवा होता.

“आवाज कधीही अडखळू नये म्हणून चित्र खाली ठेवलं असणार,” भाची सावकाश म्हणाली. तिनं की-बोर्डवरून बोट फिरवलं, चिकटपट्टीच्या तुकड्यांवरून. “आणि हे काय? हे मी ओळखते. हा मोठा बाण, या खुणा... आमच्या दवाखान्यात डोळ्यांच्या विभागात एक कारकून आहेत, त्यांना मी अगदी असंच करून दिलंय. मावशी, काकांना...”

“बोलू नकोस,” मावशी म्हणाली.

भाचीनं चिकटपट्टीवरून बोट काढून घेतलं.

मावशीच्या डोळ्यांपुढून ते सगळं एकामागून एक जायला लागलं, आणि यावेळी तेही स्वच्छ. बँकवाल्या साहेबांच्या घरी काळ्या कोटाबरोबर निळी पँट गेली होती. साहेब दारात येऊन बोलून गेले. ती ऑपरेटरवर किती कडाडली होती. तीनदा झालं तसं. शेवटी तिनं त्याच्या हातातून गाठोडी काढूनच घेतली. “राहू द्या. तुम्ही बसा तुमच्या डब्यापाशी, मी पोचवते.” तो “बरं” म्हणाला होता. इतकंच. वाद नाही, चेष्टा नाही. तेव्हा तिला वाटलं होतं, कामचुकार झाला म्हातारा, सुटला एकदाचा. आणि मग खांद्यावरचा तो हात. रस्त्यानं जाताना खांद्यावर हात ठेवायची सवय त्याला तरुणपणी कधी नव्हती. ती लाजली होती थोडी. लोक काय म्हणतील म्हणून हात झटकलाही होता एकदा, बाजाराच्या कोपऱ्यावर. तो तिथंच उभा राहिला होता, ती परत येईपर्यंत. “चालत का नाही?” “तुझी वाट बघतोय.”

केसाएवढी धूळ खपवून न घेणारा माणूस दीड वर्ष पुसट चित्रासमोर बसला, आणि तिला त्याचं नवल वाटलं नाही.

“त्यांना दिसत नव्हतं,” मावशी म्हणाली. स्वतःलाच सांगितल्यासारखं, पण मोठ्यानं. “आणि मी विचारायची, समोर बसून बघत काय होतात.”

भाची डबा बंद करून उठली, आत गेली, दोन कप चहा करून घेऊन आली. मावशीचा कप टेबलावर ठेवला तो तसाच निवत राहिला. फोन वाजला. लेकीचा होता. भाचीनंच घेतला. “हो ताई, आलेय. नाही, अजून नाही. जरा काम निघालंय मध्येच.” मग मावशीकडं बघत, “नाही गं, बरी आहे. इस्त्री करतेय.”

मावशीनं खरंच इस्त्री हातात घेतली होती. कोट संपले. सदरे संपले. पावणेतीनला तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं आणि वायर भिंतीतून काढली.

“बसतेस?” तिनं भाचीला विचारलं.

भाचीनं जोडखुर्चीकडं पाहिलं. ऑपरेटरच्या बाजूचं बूड वर मिटलेलं होतं. “मी इथं खोक्यावर बसते,” ती म्हणाली.

तीनचा खेळ सुरू झाला. गोदीतल्या बाईचाच, पहिल्यापासून. चित्र स्वच्छ, आवाज दोनदा अडखळला. मावशीला वाटलं, हा अडखळा त्यांना खपला नसता, मान वळवली असती. ती एकटक बघत होती, कपड्याला कुठं डाग राहिलाय का हे बघतात तशी, धाग्या-धाग्यानं. पाऊण तास गेला. गोदीला बोट लागली, बाईनं फळीवर पाय ठेवला, आणि चित्र थांबलं.

पंखा घरघरत राहिला. बाहेर धुक्यात कुणाची तरी सायकल गेली, नुसता आवाज. शेजारची खुर्ची खाली आलेली होती. भाचीच्याही ते लक्षात आलं. तिनं दोन्ही पाय खोक्याजवळ ओढून घेतले.

मावशीनं घसा साफ केला.

“कोट हिरवा आहे,” ती म्हणाली. “काल चुकीचं सांगितलं तुम्हाला. हिरवा, शेवाळासारखा, आणि कोपरावर झिजून पांढरा झालाय. तिसरं बटण तुटलंय. तिनं तिथं टाचणी लावलीय, शिवायला वेळ नाही बाईला. तिचा भाऊ जिथं राहायचा त्या खोलीत एक खाट आहे, लोखंडी, एका पायाखाली विटेचा तुकडा. भिंतीवर कॅलेंडर आहे, तीन महिने पान उलटलेलं नाही. खिडकीत दाढीचा ब्रश. कोरडा.”

ती सांगत गेली. गोष्ट तिनं सोडूनच दिली होती. कोण कुणाला काय म्हणालं ते तर त्यांनी ऐकलंच होतं की, दर वेळी ऐकलं होतं. तरी किती मन लावून ती ते त्यांना पुन्हा पुन्हा सांगायची. आता ती फक्त दिसतं ते सांगत होती. दोरांचे पीळ, पाण्यावरची तेलाची साय, बोटीच्या कठड्याचा उडालेला रंग आणि त्याखालचा आधीचा रंग. एकदा मधूनच म्हणाली, “आणि निळ्या पँटींचं मी उगाच बोलले.” मग पुन्हा बोटीवर गेली.

फळीवरच्या त्या बाईचा चेहरा सांगायचा राहिला होता तोच सिनेमा चालू झाला. बारा मिनिटं झाली होती.

“थांबा की जरा,” मावशी म्हणाली. “माझं संपलं नाही अजून.”

पण ती ओळ कुणाचं ऐकणारी नव्हती. बाई फळीवरून पुढं गेली.

पावणेपाचला खेळ संपला. भाचीनं डबा बंद केला आणि नव्या टीव्हीचं खोकं भिंतीशी सरकवून ठेवलं. पायात चपला घालताना म्हणाली, “नव्याला तुझ्या डब्याची वायर बसत नाही. जोडणी मिळते बाजारात, पुढच्या आठवड्यात आणते. तोवर जुनाच राहू दे.” मग उंबऱ्यात थांबून, “ताईला काय सांगू?”

“तिच्या बापावर तिनं तीन महिने धरलेला राग, तो सोड म्हणावं. बाकी मी सांगीन.”

“आणि ती बारा मिनिटं? वाढवून देऊ का? एका मिनिटाचं काम आहे.”

खुर्चीचं बूड मावशीनं हातानं वर लावलं. ते जागेवर राहिलं, निदान तेव्हापुरतं.

“नको,” ती म्हणाली. “त्यांनी मोजून ठेवलीत. मीच जरा भरभर सांगीन.”

भाची धुक्यात चार पावलं गेली आणि दिसेनाशी झाली. मावशीनं इस्त्रीची वायर भिंतीत खोचली. तापेपर्यंत बँकवाल्या साहेबांचं दुसरं गाठोडं सोडलं, त्यातली वरची पँट उचलून खिडकीपाशी नेली आणि उरल्यासुरल्या उजेडात धरली. काळी की निळी ते चटकन कळेना. तिनं काचेवरची वाफ तळहातानं पुसली आणि पुन्हा पाहिलं. निळी होती. ती डाव्या बाजूला ठेवली आणि पुढची उचलली.